हवा शिवताना

प्रिय चिमणे,

तुझा सिनेमा पाहिला गं! भिंतीएवढा तुझा बाबा, शाळेच्या फोटोतला, कान पुढे आलेला. मी खुर्चीतून उभीच राहिले. मागच्या माणसानं, "आजी, खाली बसा," म्हटलं तेव्हा भानावर आले. बाबा गेल्यावर तू नुसती रडत बसली नाहीस, आपल्याला गाव सोडायला कसं लावलं ते शोधत हिंडलीस. फार बरं वाटलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून वाच.

आता खरं सांगते, पोटात दुखतंय माझ्या. अख्ख्या सिनेमाभर माझी धाकटी जाऊ! शिपायांनी घराबाहेर काढलं ते तिनं सांगायचं, आपण डोंगर ओलांडला तेही तिनंच, आणि वर पदर सारखा करून, "बाळाला मीच कडेवर आणलं." आणलंच की तिनं तुझ्या बाबाला, मी कुठे नाही म्हणते? माझ्या डोक्यावर शिलाई मशीन होतं. खालचा स्टँड तिकडेच राहिला, नुसतं वरचं धूड. ते नसतं तर खाल्लं काय असतं आपण? पण सिनेमात बाळ शोभतं, मशीन कुठे शोभतं! मी आहे कुठे, तर चहाचे कप ठेवणारे दोन हात. कप मात्र छान दिसतात हो, तुझ्यासाठीच नवे काढले होते.

तू कॅमेरा घेऊन आलीस तेव्हा मीच म्हटलं होतं, धाकटीला विचार, तिला बोलता येतं. मला वाटलं, तू आग्रह करशील.

बाबा लहानपणी झोपतो तिथे तू बासरी लावलीस. गोड आहे, पण तो बासरीवर नाही झोपायचा. इकडे आल्यावर, त्या परक्या खोलीत, खोक्यावर मशीन ठेवून मी हातानं चाक फिरवायची आणि तो खाली चिंध्यांत. मशीन थांबलं की टक्क जागा! मग काम संपलं तरी दोरा काढून, कापड काढून मी ते रिकामंच चालवायची. धाकटी हसायची, "जाऊबाई, हवा शिवताय का?" हे नाही सांगितलं तिनं तुला. विसरली असेल. विसरू दे, एवढं तरी माझं आहे.

म्हणून लिहितेय. माझं तोंड नको दाखवूस, बाई. मशीनचा आवाज भरून ने आणि तिथे घाल. तो गेल्यापासून चाकाला हात लावला नव्हता, काल तेल घालून फिरवलं. थांबवायला गेले तर हात थांबेना. उगीच वाटलं, जागा होईल.

तुझीच, धाकटीच्या आधीची,
आजी