गच्चीवरचं मिठागर

नवीन पनवेल,
मे २०१०, दुपारची भट्टी पेटलेली

तीर्थरूप सौ. ताईस,
धाकट्या भावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं जड नाही, घाबरू नकोस.)

तुझे गुडघे आता कसे आहेत? दाजींना आणि अंगणातल्या हापूसला नमस्कार सांग. यंदा दोघांनीही आमच्याकडे काहीच पाठवलेलं नाही. आई ठणठणीत आहे आणि माझ्यावर नाराज आहे, म्हणजे सगळं नेहमीप्रमाणे. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर आमच्या घरच्या शाळेत सध्या भाषेचा तास चालू आहे. प्रांजल समोर बसून तुला पत्र लिहिणार होती. ती खिडकीतल्या मुंग्या बघतेय आणि पत्र मी लिहितोय. आमचे बहुतेक तास असेच पार पडतात.

दिवाळीनंतर मी पोरीला शाळेतून काढलं तेव्हापासून तू, एक मुख्याध्यापिका आणि त्यातून माझी बहीण, दुहेरी रागावलेली आहेस. मी सगळ्यांना मुक्त शिक्षण वगैरे सांगितलं. पण खरं सांगू? कंपनीनं मला घरी बसवलं होतं आणि एकट्याला करमत नव्हतं. (हे तुझ्या भावजयीला, निशाला, सांगू नकोस. तिला माहीत आहे. पण तिला माहीत आहे हे मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही.) दुसरं कारणही तितकंच खरं. रोज सकाळी शाळेचा मोजा चढवताना प्रांजलच्या पोटात दुखायचं. शाळा सुटली आणि पोट दुखायचंही थांबलं. निशा मात्र खारघरच्या ऑफिसात निघताना बजावून गेली आहे की जूनपर्यंत बघेन, नाहीतर पोरगी परत शाळेत. जागा राखून ठेवलेली आहे. म्हणजे परीक्षा माझी आणि नापास झालो तर पोट तिचं दुखणार. याची मला फार भीती वाटते, ताई.

इंटरनेटवर अशा घरी शिकवणाऱ्या आईबापांचा एक गट आहे. फार निवांत माणसं. त्यांचं म्हणणं, मुलाच्या हाताला काम द्या, आजूबाजूला राहा, मूल आपोआप शिकतं. हे मला इतकं पटलं की मी सायबर कॅफेत जाऊन त्यांची पानंच्या पानं छापून आणली, फाइल केली आणि फाइलीवरून निवांतपणाचं वेळापत्रक बनवलं. तास बदलला की देवघरातली घंटा वाजवायचो. पहिले दोन दिवस आई प्रत्येक तासाला हात जोडून आरतीला उभी राहिली.

तर एप्रिलात मी विज्ञान, भूगोल आणि इतिहास एकाच झटक्यात उरकायचं ठरवलं: मीठ पिकवायचं. काशिरामआजोबांचं मिठागर होतं, तेव्हा मीठ आपल्या रक्तातच आहे, असा माझा समज. (डॉक्टर रक्तदाब म्हणतात, ते वेगळं.) मिठातलं दाजींना कळतं म्हणून त्यांना फोन केला होता, त्यांनी सांगितलं असेलच. ते म्हणाले, "पानी उथळ ठेव, आन् मंग हात लावू नको. बाकी काय नाय." मला वाटलं, एवढ्या मोठ्या विद्येत एवढंच कसं असेल? नक्की काहीतरी लपवताहेत.

स्कूटरला कॅन बांधून खाडीचं पाणी आणलं. गच्चीवर ताडपत्री अंथरली, भोवती विटा मांडल्या, पाणी सोडलं. मग मी हात लावला. सकाळी ऊन इकडे म्हणून ताडपत्री इकडे ओढली, दुपारी तिकडे. पाणी कमी झालं की वाईट वाटून आणखी ओतलं. प्रांजल एकदाच म्हणाली, बाबा, ते वाळतच नाहीये. मी तिला बाष्पीभवनाची व्याख्या पाठ करायला दिली. एवढ्या ओढाताणीत ताडपत्री फाटली, हे मला कळलं ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्त राव वरच्या मजल्यावरून खाली आले तेव्हा. बिचारे अत्यंत सभ्य गृहस्थ. मला हाताला धरून त्यांच्या हॉलमध्ये नेलं आणि वर बघायला सांगितलं. ताई, मीठ पिकलं होतं. त्यांच्या छताला. पांढरं, फुललेलं, आजोबांनी पाठ थोपटावी असं. आता रंगकाम माझ्याकडे लागलं आहे. शिवाय गच्चीवर वाळत घातलेल्या शेजारणींच्या कुरडयांना यंदा वेगळं मीठ लागणार नाही, हेही मला तीन जिन्यांवर ऐकवण्यात आलं.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. निशाला निदान घर तरी स्वच्छ दिसावं म्हणून मी त्या संध्याकाळी भांडी घासायला घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये एक स्टीलचं ताट पडलेलं, त्यावर पांढरा थर. घासून लख्ख केलं. निशा आल्यावर प्रांजल तिचा हात धरून खिडकीपाशी घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, माझं मीठ कुठंय?" कॅनमधलं वाटीभर पाणी तिनं ताटात ओतून ठेवलं होतं आणि हात लावला नव्हता. बस्स. मी मीठ धुतलं, ताई! मिठागरवाल्यांच्या कुळात जन्मून पिकलेलं मीठ व्हिमनं घासलं. पोरगी रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे एक वाक्य बोलली, आणि निशा हसत हसत ओट्याला टेकून खालीच बसली. आई म्हणाली, "पोरीला काय नाय झालं. तूच उगा कढतोस." मला तोंड लपवायला त्या ताटाशिवाय काही नव्हतं, आणि त्यात तर तोंड स्पष्ट दिसत होतं.

असो. मोठ्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद देण्याची माझी सध्या पात्रता नाही.

तुझा भाऊ,
शैलेश

ता. क. – ते वाक्य लिहायचं राहिलं. प्रांजल म्हणाली, "बाबा, मी घरीच शिकते, तुम्ही शाळेत जा." निशाला हा तोडगा पसंत पडला आहे. पोरगी दिवसा आजीपाशी राहणार, संध्याकाळी निशा बघणार. तेव्हा ताई, मुद्द्याचं: जूनपासून तुझ्या शाळेत मला घेशील का? कारकून, वाचनालय, काहीही. घंटेचा अनुभव आहे.

ता. क. २ – आत्या, मी प्रांजल. बाबा पाकिटाला डिंक शोधायला गेलेत. त्यांना घे. डबा मी भरून देईन. ते हुशार आहेत, फक्त कशाला हात लावू देऊ नकोस. सोबत पुडीत मीठ आहे, ते मी नवीन केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत नाही, कपाटावरच्या खिडकीत, तिथे बाबांचा हात पोचत नाही. चाखून बघ आणि आंबे पाठव. बाबांना सांगू नकोस, ते फाइल करतील.