वखारीतला गुलाब

निपाणी, ९ जानेवारी १९३८

पहाटे रानात. धुकं विहिरीच्या काठाला टेकलेलं. फुलं दिसण्याआधी वास आला. सौ., मजुरणींतली थोरली गंगाआक्का, तिच्या दोन सुना आणि मी. उन्हं अंगावर येण्याआधी खुडणं संपवायचं, ऊन लागलं की वास उडतो. बोटांत काटे, पण मन त्या धुक्यातच कुठंतरी तरंगत राहिलं. इतकी वर्षं पुस्तकांतून वाचलेल्या बागा एकाएकी आमच्या बांधावर उतरल्या असं वाटलं.

तिसरा हंगाम. बाजारात तंबाखूविरुद्ध भाषण ठोकून घरी आलो, ती संध्याकाळ आठवते. थोरले बंधू आप्पा ओट्यावर बसलेले. "लोकांस्नी तंबाखू लावू नका म्हणतोस. मग काय लावायचं, ते बी सांग की." मी म्हणालो, गुलाब. त्यांनी विहिरीकडचं रान तीन हंगामांसाठी दिलं. यंदा बेळगावच्या अत्तरवाल्याने आमचं गुलाबपाणी घेतलं, तर रान गुलाबाचं. नाही तर पावसाळ्यात तिथं तंबाखूची लावण. आप्पा शब्दाचे पक्के. अडचण तीच आहे.

१२ जानेवारी

भट्टी लागली. तांब्याच्या हंड्यात फुलं आणि पाणी. झाकणाच्या कडेला सौ.ने कणीक थापली. वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात बुडवलेल्या घागरीत. थेंब थेंब...

शेजारचे तात्या कुंपणावरून, "अण्णा, दारूबंदीवर घसा फोडतासा आणि घरातच भट्टी लावलीसा व्हय?" वाटीभर पाजलं. म्हणाले, चढत तर न्हाय, पर वास लई ब्येस.

एका वेळी सगळी फुलं हंड्यात मावत नाहीत. उरलेली आप्पांच्या वखारीत पसरली. यंदाची तंबाखू अजून रानात उभी, वखार मोकळी. गार, अंधारी, झाडलोट केलेली. फुलांना याहून चांगली जागा नाही. किल्ली आप्पांनी न मागता दिली.

१४ जानेवारी. संक्रांत.

सौ.चं हळदीकुंकू. गुलाबदाणीतून आपलंच पाणी शिंपडलं. गावातल्या झाडून सगळ्या बायका पदर हुंगत घरी गेल्या. एकीनेही नाक मुरडलं नाही. दिवसभर हवेत चालल्यासारखा वावरलो.

१९ जानेवारी, बेळगाव

दुपारी टिळकवाडीत भाषण. विषय : परक्याची सत्ता आणि घरचं व्यसन. टाळ्या पुष्कळ. तिथून बाटली घेऊन थेट अत्तरवाल्या म्हाताऱ्या मियाँसाहेबांकडे.

त्यांनी पाणी तळहातावर घेतलं, चोळलं, हुंगलं. परत हुंगलं.

"फुलं कुठं ठेवलीत?"

वखारीत म्हणालो. कशाची वखार, त्यांनी विचारलं. झाडलोट केलेली, एवढंच मी म्हणालो.

"पाणी सुरेख उतरलंय, साहेब. पण ह्यात तंबाखू बसलीय."

मी वाद घातला. शंभर बायकांनी नावाजलेलं पाणी आहे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या बायका निपाणीच्या. तुम्ही पण निपाणीचे. तुमच्या कोटाला तोच वास आहे. तुम्हांला कसा येणार?"

तासाभरापूर्वी तोच कोट घालून मी व्यासपीठावर उभा होतो. पुढच्या रांगेतल्या लोकांना...

बहर संपायच्या आत दुसरं पाणी आणा, पुन्हा हुंगतो, म्हणाले. भला माणूस.

२० जानेवारी

घरी सांगितलं. आप्पा हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. स्वतःच्या बाहीचा वास घेऊन पाहिला आणि मान हलवली, काहीच येत नाही.

सौ. म्हणाली, "खानापुराकडनं लगीन होऊन आले तवा म्हैनाभर ह्या वासानं डोकं दुखायचं. मग कधी थांबलं, कळलंच न्हाय."

तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

२५ जानेवारी

विहिरीपलीकडे गवताचा नवा मांडव. नव्या टोपल्या, नवं मांजरपाट. कोट दोनदा रिठ्याच्या पाण्यात. माणसांचं काय करायचं? खुडणाऱ्या बायकांना तीन दिवसांपूर्वीच हात जोडून सांगितलं, बहर संपेतो दातांना तंबाखूची मशेरी नको.

गंगाआक्का म्हणाली, "अण्णा, तुमी सोराज्य आणा, आमी मागं हाय. पर सकाळची मशेरी सोडा म्हंजे लईच झालं."

दुसऱ्या दिवसापासून तिने कडुलिंबाची काडी धरली. सुनांवर नजर ठेवते. माझ्या एकाही भाषणाने एवढं साधलं नव्हतं.

१ फेब्रुवारी

आता वाऱ्याची धास्ती. चहूकडे तंबाखू कापून वाळत पडली आहे, वास इकडे येणारच. अगदी लगतचं रान आप्पांचं. पानं जाड, चिकट झालेली, कापणी व्हायलाच हवी होती. कापणार कधी, विचारलं.

"अजून पिकली न्हाय," म्हणाले.

तीस वर्षं तंबाखू करणारा माणूस. पिकलेलं पान त्यांना दुरून कळतं. ते माझ्याकडे न बघता निघून गेले.

५ फेब्रुवारी

काल गुलाबपाणी परातीत ओतून मांडवात दवाला ठेवलं होतं. पहाटे त्यावर पिवळसर साय. पंखाच्या पिसाने हळूच गोळा केली, कुपीत जेमतेम तळ झाकला. एवढ्या रानाचं एवढंसं तेल. किती तरी वेळ ती कुपी उजेडाकडे धरून बसलो. रान, धुकं, पहाटा, सगळं तिच्यात हलताना दिसलं.

हुंगलं. गुलाब. फक्त गुलाब. पण माझं नाक साक्षीला घेता येत नाही.

आप्पांपुढे धरली. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "मला काय कळतंय." पण कुपी लगेच परत दिली नाही.

दुपारी त्यांच्या रानात कोयते लागले.

७ फेब्रुवारी, बेळगाव

मियाँसाहेबांनी बाटली, कुपी दोन्ही ठेवून घेतली. दिवसभर अत्तरं हुंगून नाक थकलंय, सकाळी दुकान उघडायच्या आधी बघतो, म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

शहापुरातल्या विणकर मंडळींनी संध्याकाळी बोलायला बोलावलं होतं. प्रकृतीचं निमित्त सांगून टाळलं. हे प्रथमच.

उतरलो आहे त्या खोलीच्या खिडकीशी बसून आहे. कोट मांडीवर. पुन्हा पुन्हा बाही नाकाशी नेतो. कसलाच वास येत नाही.