तुझ्या कार्डावर नेलेलं पुस्तक

प्रिय ताई,

माझं पत्र तुला वर्षातून दोनदा येतं आणि त्यात तब्येत, मुलांच्या परीक्षा आणि हवापाणी यापलीकडे काही नसतं. आज तसं नाही, म्हणून आधीच सांगते, निवांत बसून वाच. घाबरण्यासारखं काही नाही. घरी सगळे बरे आहेत. माझ्या धाकटीने केस कापून घेतलेत आणि आता ती मान वळवून बघते तेव्हा अगदी तुझ्यासारखी दिसते. हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. तिन्ही वेळा पहिल्याच पानावर स्वतःची वकिली सुरू केली, म्हणून फाडून टाकलं. या वेळी जसं घडलं तसंच लिहायचं ठरवलं आहे.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतलं ते कपाट तुला आठवत असेल. काचांना आतून खाकी कागद चिकटवलेला, बाहेर कुलूप आणि वर ‘फक्त शिक्षक सभासदांसाठी’ अशी पाटी. चावी चष्मेकाकांच्या खिशात. एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर घेऊन वावरणारे आपले जुने ग्रंथपाल. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या खुर्चीवर मी बसले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते कुलूप आणि ती पाटी मी काढली, आणि त्याचा मला बराच अभिमान होता. पण त्यानंतरच्या बारा वर्षांत त्या कपाटापुढे मी स्वतः एकदाही उभी राहिले नाही, हे मला गेल्या महिन्यात कळलं. कुणी तिथलं पुस्तक मागितलं की मी मदतनीस मुलीला पाठवायचे. गेल्या महिन्यात कपाटाला वाळवी लागली, ती मुलगी नेमकी रजेवर होती, आणि पुस्तकं मलाच काढावी लागली. खालच्या फळीवर, भिंतीच्या बाजूला ते पुस्तक होतं. मातकट बांधणी, कण्यावरचा क्रमांक अर्धा उडालेला. मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर परतीचा शेवटचा शिक्का त्या सोमवारचा. शिक्क्यापुढे सभासद क्रमांक तीनशे सात. तुझा.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. मला काय सांगतेस, असं तू म्हणशील. पण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे, कारण आजवर ते मी कुठेच लिहिलेलं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते, तू अठ्ठावीसची. पुढच्या खोलीत काकाचा फोटो होता, बाबांचा धाकटा भाऊ, युद्धात बाविसाव्या वर्षी गेलेला. बाबा रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने त्याची काच पुसायचे. ते काम ते आईलाही करू द्यायचे नाहीत. आपल्या गल्लीत असा एखादा फोटो नसलेलं घर नव्हतं. आणि ते पुस्तक पलीकडच्या बाजूच्या एका अधिकाऱ्याने लिहिलेलं होतं. आम्ही जे केलं ते का केलं आणि ते बरोबरच कसं होतं, हे सांगणारं. लोक त्याचं नावही घेत नसत, ‘ते पुस्तक’ म्हणत. मी ते न वाचताच त्याच्याविरुद्ध कॉलेजात भाषण केलं होतं. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं, आणि घरी येताना मला आपल्याच टाळ्यांची लाज वाटली. ज्यांनी काकाला मारलं त्यांच्या डोक्यात तेव्हा काय होतं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. मला ते पटेल अशी भीती नव्हती. म्हणजे, थोडी होती. खरं लिहायचं म्हटलं आहे, तर थोडी होती.

तुझ्या पर्समधून कार्ड मी विचारल्याशिवाय घेतलं. चष्मेकाकांना सांगितलं, ताईने मागवलंय. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताईला म्हणावं, मुलांच्या हाती लागू देऊ नका.” मी मान डोलावली. दहा दिवस मी ते गच्चीच्या जिन्यात बसून वाचलं. पेन्सिलीने समासात लिहिलं, मिळेल त्या जागी. आज कुणी ग्रंथालयाच्या पुस्तकात एक रेघ ओढली तरी मी त्याला उभं करून ऐकवते.

मग तो शनिवार. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष ग्रंथालयाच्या समितीवरही होते आणि देवघेवीचं रजिस्टर चाळायची त्यांना सवय होती. तू शाळेतून आलीस, चप्पल काढलीस आणि मला विचारलंस, पुस्तक कुठंय? मी ते गाद्यांच्या मागून काढून दिलं. तू रागावली नाहीस. “सोमवारी मला विचारणार आहेत,” म्हणालीस. “तू गप्प राहायचं. तुझी परीक्षा आहे.” बस, एवढंच. शनिवार-रविवार तू तुझ्या खोलीचं दार लावून घेतलंस. मला वाटलं, तू रडते आहेस. सोमवारी सकाळी जाता जाता तू पुस्तक परत केलंस आणि तिथून बैठकीला गेलीस.

त्या बैठकीत काय झालं ते मला शाळेच्या कारकुनाच्या मुलीकडून कळलं, तू कधीच सांगितलं नाहीस. तुम्ही हे पुस्तक वाचलंत का, असं अध्यक्षांनी विचारलं. तू म्हणालीस, वाचलं. पटलं का? नाही पटलं. मग कशाला वाचलंत? यावर तू म्हणालीस म्हणे, “पटत नाही हे वाचल्याशिवाय कसं कळणार होतं, सर?” त्यांनी कागद पुढे केला. वाचल्याबद्दल दिलगिरी लिहून द्या, विषय संपला. तू लिहून दिली नाहीस. पंधरवड्यात नोकरी गेली.

पण नोकरीचं तू मनाला लावून घेतलं नसतंस. मला बाबांचं दिसतं. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं आणि त्या दिवशी ते पुढच्या खोलीत तुझी वाट बघत बसले. “त्याच्या फोटोखाली बसून तू ते वाचलंस?” एवढं एकच वाक्य. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस, मला वाचवायला. तू म्हणालीस, हो बाबा. त्यानंतर एकोणीस वर्षं ते तुझ्याशी बोलले, पण पाहुण्याशी बोलतात तसं. बसा, चहा घ्या, प्रवास कसा झाला. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात तू दोन दिवसांचा प्रवास करून आलीस, तेव्हाही त्यांनी विचारलं, प्रवास कसा झाला. मी तिथेच होते, उशाशी. मी तेव्हाही सांगू शकले असते. सांगितलं नाही. आता त्यांना त्रास नको, असं मी स्वतःला समजावलं. त्रास कुणाला नको होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुला ठाऊक आहे, मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून रोजनिशी लिहिते. कुणाला टाकून बोलले, कुणाला उगाच हसले, सगळं त्यात आहे. तू हसायचीस, शंकेखोर म्हणायचीस, हिने श्वास घेतला तरी बरोबर घेतला का म्हणून लिहून ठेवेल. गेल्या महिन्यात मी ती जुनी वही काढली. त्या सोमवारच्या पानावर लिहिलं आहे, ‘आज विशेष काही नाही.’ बत्तीस वर्षांच्या वह्यांमध्ये धडधडीत खोटं असं ते एकच वाक्य असेल. पुढे मी स्वतःला सांगत राहिले की तूच गप्प राहायला सांगितलं होतंस. परीक्षा दोन महिन्यांत संपली होती, ताई.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त बोचत आली. तू खोटं बोलायची नाहीस. लहानपणी कप फुटला की आई आधी तुलाच विचारायची, कारण तू खरं सांगायचीस. अशी तू माझ्यासाठी उभी राहून ‘वाचलं’ म्हणालीस. तुझ्या तोंडून ते एक खोटं मी बोलवलं, असं मी सत्तावीस वर्षं धरून चालले.

मी त्या मागच्या खोलीत, वाळवीच्या धुळीत, स्टुलावर बसले आणि पुस्तक उघडलं. पान एकेचाळीस. तिथे तो अधिकारी लिहितो की नदीकाठच्या गावातल्या घरांमधून आमच्यावर गोळ्या आल्या, म्हणून आम्ही घरं पेटवली. समासात माझी पेन्सिल: ‘हे खोटं आहे. पण का, ते मला सांगता येत नाही.’ आणि त्याखाली लाल पेन्सिलीने, वह्या तपासताना असायचं त्या बारीक अक्षरात: ‘पान ११२ बघ.’

मी ते पान काढलं. पान एकशे बारावर तो त्याच गावाबद्दल लिहितो, आणि तिथे म्हणतो की आम्ही पोचण्याच्या दोन दिवस आधीच गाव रिकामं झालं होतं. शेजारी तू लिहिलं आहेस: ‘गाव रिकामं होतं, तर गोळ्या कुणी झाडल्या? खोटं बोलणारा माणूस सत्तर पानांनी विसरतो. म्हणून पुस्तक पूर्ण वाचायचं.’

तू वाचत होतीस. दार लावून, त्या दोन दिवसांत. सोमवारी विचारतील तेव्हा ‘वाचलं’ असं सांगायचं, तर ते खरं असायला हवं, म्हणून. ताई, मी तिथे किती वेळ बसले मला माहीत नाही. मग एकेक पान उलटत गेले. माझ्या काही टिपांपुढे तू बरोबरची खूण केली आहेस. एके ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं आहेस, तेवढ्यातसुद्धा. जिथे त्यांचा एक जखमी पोरगा रात्रभर आईला हाका मारतो, तिथे मी काही लिहिलं नव्हतं, नुसती उभी रेघ ओढली होती. त्या रेघेशेजारी तुझं वाक्य आहे: ‘हाही बाविसाचाच. बाबांना हे कुणी कसं सांगावं?’ आणि शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीला, अगदी कोपऱ्यात: ‘इथवर. सोमवार, सकाळचे आठ. एक प्रकरण राहिलं.’

ते वाचून मी हसले आणि मग नीट रडले. ‘वाचलं’ म्हणताना ते राहिलेलं प्रकरण तुझ्या मनात टोचलं असणार, हे मी पैजेवर सांगते. घरात शंकेखोर मी एकटीच नव्हते.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. मी आले तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. पुस्तक परत आलं की वाचकाचा क्रमांक चिठ्ठीवरून आणि रजिस्टरमधून काळ्या शाईने बुजवायचा. तारीख राहते, माणूस राहत नाही. मदतनीस मुलगी चेष्टा करते, मॅडम चोरी झाल्यासारख्या नावं मिटवतात. मागच्या आठवड्यात एक वडील आले, मुलीच्या दप्तरात सापडलेलं पुस्तक काउंटरवर आपटून म्हणाले, हे आणखी कुणाकुणाच्या घरात गेलंय ते मला कळलं पाहिजे. समितीने माझ्याकडे वर्षभराची यादी मागितली. यादी नाही, असं मी कळवलं. का नाही, हे सांगायला शुक्रवारी मला बैठकीत बोलावलं आहे. नियम, गोपनीयता, असं काहीतरी बोलून मला सुटता येईल. पण खरं कारण तू आहेस. ते सांगायचं तर रजिस्टरमधल्या त्या क्रमांकामागे कोण होतं, हेही सांगावं लागेल, आणि समितीच्या जुन्या इतिवृत्तात ‘सदर शिक्षिकेने आक्षेपार्ह पुस्तक नेले’ असं जे आहे, त्याखाली दुरुस्ती लिहावी लागेल. नेलं तिने नाही, तिच्या कार्डावर तिच्या बहिणीने नेलं. मला ते सहीनिशी लिहायचं आहे. माझं पुढे काय करायचं ते समितीने ठरवावं. पण मागच्या वेळी मी तुझं कार्ड न विचारता घेतलं होतं. या वेळी तुझं नाव न विचारता घेणार नाही. घेऊ का? नको असेल तर तसं कळव, मी फक्त माझ्याबद्दल बोलेन. बाबांना सांगायचं राहिलं ते राहिलंच, त्याला कसलीच दुरुस्ती नाही.

सोबतच्या पुडक्यात पुस्तक आहे. नोंद करून, माझ्या स्वतःच्या कार्डावर नेलं आहे. चिठ्ठीवर तुझ्या शिक्क्याखाली माझा क्रमांक दिसेल, पुस्तक परत आल्यावरही हा एवढा मी बुजवणार नाही. मुदत महिनाभराची आहे. शेवटचं प्रकरण बावीस पानांचं आहे. परवा मी ते पुन्हा वाचलं आणि समास कोरे ठेवले आहेत. लाल पेन्सिल पुडक्यातच आहे, टोक काढून.

तुझीच,
शंकेखोर