कापडाखालचा कॉम्प्युटर कुणाचा

मी, आकाराम सयाजी इंगवले, वय बहात्तर, धंदा इमारतींची मोजमापे घेऊन खर्चाचा अंदाज काढणे, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहितो. डोके ठणठणीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. चिरंजीवांचे मत वेगळे आहे, कारण मी कॉम्प्युटर घेतला.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी बायडाबाई हिला. तिला कुणीही "आता देवदेव करा" असे सुचवू नये.

२. माझी पोलादी टेप चिरंजीव कृष्णात याला. त्याच्यासारखी तोंडी बेरीज जिल्ह्यात कुणाला येत नाही. तोंडावर सांगितले तर फुगेल, म्हणून इथे लिहितो.

३. पिराजी कंत्राटदार मला चारचौघांत "म्हातारचळ लागलाय" म्हणाला. तेराव्याला आला तर जेवू घाला, भाषण करू देऊ नका.

४. ऑफिस कृष्णात व सूनबाई नंदिनी यांना समान. कॉम्प्युटर मात्र एकट्या नंदिनीचा. कारण ऐका. मशीन आणून वर्ष झाले. कृष्णातने त्याला वेगळी खोली दिली, वर कापड घातले, खंडेनवमीला झेंडूची माळ घातली, पण चालू करू दिले नाही. म्हणे धूळ जाईल. म्हणे सरकारी कचेरीत हाताने लिहिलेलेच चालते. म्हणे बेरीज चुकली तर जाब कुणाला विचारायचा? अरे, बेंदराला बैल पुजतो, म्हणून दुसऱ्या दिवशी औताला जुंपत नाही का आपण?

परवा कृष्णात कामावर बिद्रीला गेला होता. नंदिनीने माहेरी, वारणानगरला, कॉम्प्युटरचा वर्ग केलेला. तिने कापड काढले आणि एका शाळेच्या इमारतीचा अंदाज भरला. मी म्हटले, "भिंत जाड कर बघू." तिने एक आकडा बदलला अन् विटा, सिमेंट, वाळू, खालची बेरीज, सगळे आपोआप बदलले! आयला! एवढ्यासाठी आमचे अख्खे ऑफिस आठवडाभर माना मोडते! मी गुडघेदुखी विसरून उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत भिंती जाड-बारीक करत बसलो.

कृष्णात आला, बघितले, आणि म्हणाला, "अप्पा, मग मी हितं काय माशा मारू?"

खरी भीती ही होती. लेका, मशीनला बेरीज येते. कुठल्या खाणीचा दगड ठिसूळ आणि कुठल्या जमिनीत पाया खोल घ्यायचा, हे त्याला तुलाच सांगावे लागणार. सबब माझ्या पश्चात नंदिनीने मशीन रोज चालवावे, कृष्णातने अडवू नये.

इथवर लिहून मी वकिलांना विचारले, "पश्चात म्हणजे बघायला मी नसणार?"

"होय अप्पा, मृत्युपत्र तसंच असतं."

मग काय उपयोग! कलम ४ मधील कॉम्प्युटरचा मजकूर रद्द. खाडाखोड माझी, शेजारची सही माझी. मशीन आजच, जिवंतपणी, नंदिनीला दिले. तिने लगेच चालू केले आणि दारात उभ्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही दर सांगा, मी भरते." तो घुश्शातच सांगतो आहे, पण खुर्ची ओढून बसला आहे. मला तिकडे जायचे आहे. साक्षीदारांनी पटापट सह्या कराव्यात.

सही: आकाराम सयाजी इंगवले
साक्षीदार: नृसिंह बावडेकर, वकील
साक्षीदार: हंबीरराव नेसरीकर, शेजारी
कोल्हापूर, १२ नोव्हेंबर १९८७