पेढे वाटण्याआधी पाणी मागायचं होतं

प्रिय बाबा,

तुमच्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहितो आहे. समोर असता तर दोन वाक्यांत मला गप्प केलं असतंत. आता ऐकून घ्या.

उद्या दोनपैकी एका कॉलेजला होकार कळवायचा आहे. उद्योगधंद्याचं व्यवस्थापन शिकायला कलकत्त्याला जायचं की नागपूरला, एवढाच प्रश्न. पण तो प्रश्न तुम्ही शिल्लक ठेवलात कुठे? कलकत्त्याला निवड झाल्याचं कळलं आणि त्याच दिवशी तुम्ही कारखान्यातल्या ड्युटीवरून येताना पेढे घेऊन आलात. युनिफॉर्मही न बदलता आपल्या ओळीतल्या घरोघरी वाटलेत. "पोरगा कलकत्त्याले चालला. साहेब होते आता." नागपूरचं अजून कळायचं होतं. मला एका शब्दानं विचारलंत का?

आणि मग महिनाही लोटला नाही, तर छातीत कळ येऊन निघूनच गेलात. जिवंत बापाचा शब्द मोडता येतो, त्याच्यावर रुसता येतं. गेलेल्या माणसानं वाटलेले पेढे परत कसे मागायचे?

आईपुढे तर तोंडच उघडता येत नाही. आधी तिला वाटत होतं की मी दुकान टाकायला शिकणार आहे. "धंदा शिकाले कालेज कायले पाह्यजे? आपल्या गावचा वाणी कोणत्या कालेजात गेलता?" असं ती म्हणायची, आणि तुम्ही हसायचात. आता ती काहीच विचारत नाही. "तुह्या बाबाची शेवटची इच्छा आहे ते," एवढं म्हणते आणि डोळ्यांना पदर लावते. 

आज सकाळी रुआबांध्याच्या बाजारात कारखान्यात तुमच्याच शॉपमध्ये काम करणारे वानखेडे काका भेटले. मी नागपूरचं नाव काढलं तर म्हणाले, "नागपूरले कावून जातं बे? नागपूरले तं आपण लुगडे घ्याले जातो." काका हसले, मीही हसलो. घरी येऊन जेवण गेलं नाही.

बाबा, तायडीचं स्थळ आठवतं का? नागपूरच्या इतवारीतलं, दुमजली घर, घरचं दुकान. आई हरखून गेली होती. मामा तर म्हणाला की डोळे मिटून हो म्हणा. तुम्ही डोळे मिटले नाहीत. न कळवता भर दुपारी एकटेच गेलात आणि दारात उभं राहून पाणी मागितलंत. थोरल्या सुनेनं पाणी आणलं. तुम्ही तिचं नाव विचारलंत, तर उत्तर सासूनं दिलं. माहेर विचारलंत, तेही सासूनंच सांगितलं. परत आलात आणि चपला काढता काढता म्हणालात, "घर चांगलं आहे. पण त्या घरात सुनेले आवाज नाही. आपली पोरगी बोलकी आहे, थे तिथं कोमेजून जाईन."

तायडी गोंदियाला मास्तरांच्या घरी गेली. आजही सासूशी तोंडाला तोंड देऊन भांडते, आणि दोघी एका ताटात जेवतात.

मग तायडीसाठी पाणी पिऊन पाहिलंत, आणि माझ्या वेळी नुसत्या नावावर पेढे? हा कुठला न्याय?

तुम्ही केलं नाहीत ते मी केलं. तेरवी झाल्यावर चौकशीच्या निमित्तानं दोन्हीकडे जाऊन आलो.

कलकत्त्याला नावं ठेवणार नाही. इमारत देखणी, ग्रंथालय पाहून तर जीव हरखला. पाणी मागितलं तर काचेच्या ग्लासात, ट्रेमधून आलं. एका वर्गात मागे बसू दिलं. कामगार उशिरा का येतात, यावर चर्चा चालली होती. मला उत्तर येत होतं! आपल्या घरात दुसरं बोललं काय जातं? पण मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनावर गेलेली असायची. तास संपल्यावर प्रोफेसरांनी आपुलकीनं विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, "भिलाई." त्या वर्गात मी बोललेला तेवढा एकच शब्द. ती मुलं चांगली, प्रोफेसर चांगले. फक्त मीच तिथं इतवारीतल्या सुनेसारखा बसलो होतो.

नागपूरला माठ रिकामा होता. शिपाई म्हणाला, "थांबा भाऊ, नळ यिऊन राहिला आता." तोवर वर्गात जाऊन बसलो. सर फळ्यावर तीन शिफ्टचा तक्ता काढून समजावत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "असं होत नाही, सर." सगळी मुलं मान वळवून बघायला लागली. सर म्हणाले, "कावून होत नाही? या, इकडं येऊन सांगा."

आणि मी सांगितलं, बाबा. बदली माणूस आला नाही तर पहिल्याला भट्टी सोडता येत नाही, हे सांगितलं. सलग दुसरी ड्युटी करून तुम्ही घरी यायचात आणि भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या जागी झोपायचात, तेही सांगितलं. सर वाद घालत होते, मी वाद घालत होतो. घसा कोरडा पडला. स्टेशनवर आल्यावर लक्षात आलं, पाणी प्यायचं राहूनच गेलं.

मला कळतं, कलकत्त्याहून आलेल्याला नोकरी मोठी मिळेल. वानखेडे काका खोटं बोलत नाहीत. याचाच तर संताप येतो! तुम्ही असता तर ओरडला असतात, दोन दिवस अबोला धरला असतात, आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं असतंत, "पाणी मागतलं होतं का तिथं?" ते विचारायला थांबायचं होतं ना, बाबा. तुमच्यावर खरा राग आहे तो याचा.

उद्या नागपूरला होकार पाठवतो आहे. आणि वचन देतो, तुमची शेवटची इच्छा वगैरे म्हणून मान खाली घालणार नाही, तुमचं नाव पुढे करून सुटकाही करून घेणार नाही. ज्या ज्या दारात तुम्ही पेढा ठेवलात, तिथं स्वतः जाऊन सांगेन. पहिलं दार आपलंच. आईकडे पाणी मागेन, ते पिईन, आणि मग तिच्याशी मोठ्या आवाजात बोलेन.

तुमचंच बोलकं पोरगं,
विनू