सहा डबे, माझ्या सूचना

३ मार्च, सोमवार

इथे कवळ्या बनवायच्या कामाला लागून चार महिने झाले. मी मेणात दात बसवते. हात स्वच्छ आहे, असं मालकीणबाई म्हणतात. जेवायच्या टेबलावर मात्र अजून बसलेली नाही. पाच जण एकत्र डबे उघडतात. सहाव्या खुर्चीवर पॉलिशवाल्याचं जॅकेट बसतं. चूक माझीच. पहिल्या दिवशी लाजून म्हणाले, मी आतच जेवते. ते त्यांनी मनावर घेतलं. आता न बोलावता जाऊन बसणं आईला आवडणार नाही.

पण आज गंमत झाली. फोनवर बसणाऱ्या ताईची शुगर वाढली आहे. ती म्हणाली, सगळ्यांनी काय खाल्लं ते ग्रुपवर टाकू या, तेवढाच धाक. मग आत येऊन मला म्हणाली, तूही ये गं, तू शिस्तीची आहेस.

शिस्तीची. संकल्प: महिन्याच्या आत मी त्या खुर्चीवर.

४ मार्च, मंगळवार

सकाळी टाकलं: पाव दोन, उकडलेलं अंडं एक, चहा अर्धा कप, साखर सपाट चमचा. नंतर आठवलं, चमचा अगदी सपाट नव्हता. दुरुस्ती टाकली. ताईने अंगठा दिला. दुरुस्तीला दिला की अंड्याला, कळलं नाही.

प्लास्टरवाले काका एवढंच लिहितात, ‘जेवलो.’ त्यांना विचारलं, काय? किती? ते म्हणाले, पोरी, माझ्या पोटाने विसरलेलं तू कशाला लक्षात ठेवतेस. वयामुळे असेल.

७ मार्च, शुक्रवार

घरी शिकवलंय, कुणाची चूक दिसली तर तोंडावर सांगायची, पाठीमागे नाही. म्हणून सगळं ग्रुपवरच लिहिते. ताईच्या तळलेल्या बटाट्यांखाली लिहिलं, ‘शुगर?’ मुद्दाम एकच शब्द, टोचू नये म्हणून. पॉलिशवाल्याला लिहिलं, कालही केकच होता. तो म्हणाला, कालचाच उरलेला आहे. मी लिहिलं, मग तो शिळाही आहे. त्याने हसरा चेहरा पाठवला. आमचं जमायला लागलंय.

रात्रीचं: सूप. एकाच माणसाचं करायचं म्हणजे पातेल्याचा तळसुद्धा झाकला जात नाही. करपलं. नोंदीत ‘किंचित करपलेलं’ असं लिहिलं.

१० मार्च, सोमवार

रविवारी बसून तक्ता तयार केला आणि ग्रुपवर टाकला. काय, किती, किती वाजता, कोणाबरोबर. शेवटचा रकाना शास्त्रीय आहे, सोबत असली की माणूस जास्त खातो म्हणे. माझ्या रकान्यात रोज एक आडवी रेघ येते. दिसायला नीटनेटकी आहे.

आईचा फोन. जेवताना कोण असतं गं सोबत, विचारत होती. म्हटलं, ग्रुप असतो. हे खोटं नाही. तरी फोन ठेवल्यावर बराच वेळ तपासून पाहिलं.

१३ मार्च, गुरुवार

परिणाम दिसतोय. साचे भरणाऱ्या दोघी बहिणी तीन दिवस नुसती काकडी लिहितायत. ताई काल ‘फळ’, आज ‘फळ’. कुठलं, ते विचारलंय. मागच्या दाराच्या कचऱ्याच्या डब्यात पेस्ट्रीचे पाच कागद होते. वरच्या मजल्यावरच्यांचे असणार. ते लोक तसेच आहेत.

टेबलाकडून हसणं ऐकू येतं. मी तिकडे गेले की थांबतं. माझ्यासमोर वायफळ बोलायला संकोचतात. हा आदर मी मागितलेला नव्हता.

१८ मार्च, मंगळवार

तक्ता इमानेइतबारे भरणारे शेवटी काकाच निघाले. आजची त्यांची नोंद: केक, दोन तुकडे, चार वाजता, सगळ्यांबरोबर.

चार वाजता मी माझ्या जागेवर होते. हातात एका कवळीचा खालचा जबडा होता.

पॉलिशवाल्याचा वाढदिवस होता. त्यांनी केक माझ्यापासून लपवला, म्हणजे तक्त्याचा मान राखला. असा विचार केला तर बरं वाटतं. संध्याकाळपासून सात वेळा केला.

१९ मार्च, बुधवार

काकांना गाठलं. म्हटलं, मी केकला नाही म्हटलं नसतं. ते म्हणाले, नाही म्हणाली नसतीस, मोजला असतास. मी म्हटलं, फार तर तुकडे सारखे कापले असते. ते हात पुसत हसले. अगं तेच, म्हणाले. मग म्हणाले, तुला बसायचंय ना आमच्यात? मग बस की. बोलवायला काय लग्नपत्रिका छापायची?

मला कुणी असं सरळ विचारलंच नव्हतं. उद्या जाते. संकल्प: कुणाच्या डब्यात बघायचं नाही. सूचना नाही. विनोद एक, तयार आहे.

२० मार्च, गुरुवार

एक वाजून चार मिनिटांनी गेले. जॅकेट पॉलिशवाल्याने लगेच उचललं, सॉरीसुद्धा म्हणाला. बसले. बसता बसता पाचही डब्यांची झाकणं लागली. काकांचंही, सवयीने असेल. ताई म्हणाली, आमचं झालंच होतं. तिच्या हातात स्वच्छ चमचा होता.

मी म्हटलं, माझंही झालंय. आणि न उघडलेला डबा पुढ्यात ठेवला.

कुणाला उठवेना. उठलं तर बरं दिसलं नसतं. दीड वाजेपर्यंत आम्ही सहा जण बंद डब्यांसमोर बसून होतो. विनोद सांगितला. थोरली बहीण म्हणाली, छान आहे. कुणाचं तरी पोट वाजलं. माझंच असावं.

दोन वाजता काचेतून बघितलं. बेसिनपाशी उभ्याने जेवत होते, एकेक जण येऊन, घाईघाईने, दाराकडे लक्ष ठेवून. काकांना उभ्याने चावायला त्रास होतो. ताईची आणि माझी नजर भेटली. तिचा घास हातातच राहिला.

मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. सगळ्यांचं होईपर्यंत तशीच काम करत राहिले. एक दाढ उलटी बसली. काढून पुन्हा लावली.