समभाग कोमट पाणी

२ डिसेंबर

आज दारूच्या दुकानात गेले! मी!

ओढणी डोक्यावरून, तोंडाला मास्क – दरोडा घालायला आल्यासारखी दिसत असणार. ओमती भागातलं दुकान. काउंटरला जाळी, मागे रांग. आतला माणूस म्हणाला, "दीदी, क्या चाहिए?" मी म्हटलं, "वाइन. अच्छी वाली. पर महँगी नहीं." रांगेत कोणीतरी हसलं. त्याने दर्शनी काचेत बल्बखाली मांडलेल्या दोन लाल बाटल्या काढून दिल्या. एक पुरे म्हणायचा धीर झाला नाही. बिल मागितलं तर तो बघतच राहिला. पण बिल घेतल्याशिवाय मी हलले नाही.

हे सगळं विनताआत्यामुळे. तिची कॉलेजातली मैत्रीण प्रतिमामावशी वीस तारखेला नाशिकहून येते आहे. मावशीचं तिकडे वाइनचं दुकान आहे. "आठ वर्षांनी येऊन राहिली ती. तिच्यापुढे मी लिंबाचं सरबत ठेवू काय? इथेच मिळणारी, चांगली, आणि आठशेच्या आतली शोध. हे काम तुझं, दुर्वा."

आत्याला नाही म्हणणं मला जमत नाही. बाबांची बदली कुंडम गावाला होती, शाळा लांब, म्हणून पाचवीपर्यंत तिनेच मला घरी शिकवलं. पाढे, सायकल, भाजी निवडणं – सगळं तिच्या हातचं.

३ डिसेंबर

बाबांना बाटल्या दिसल्या. मी मेलेच!

"माझ्या घरात दारू? काहून?"

आत्या वाटाणे सोलत होती. मान वरसुद्धा केली नाही. "नरहर, रोज जेवणावर द्राक्षासव घेऊन राहिला तू. ते काय द्राक्षांचं लोणचं आहे?"

"ते औषध आहे, ताई!"

"मग हेही औषध समज. पाहुण्यांचं."

बाबा पेपर घेऊन अंगणात गेले. मोठ्या बहिणीपुढे त्यांचं आजवर काही चाललेलं नाही. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

५ डिसेंबर

पहिली चव. आत्याने रीत ठरवली – आसवासारखीच. जेवण झाल्यावर, वाटीत, समभाग कोमट पाणी घालून. दोघींनी डोळे मिटून घेतली.

गंजलेल्या नळाचं पाणी आणि त्यात जांभूळ! आत्या म्हणाली, "हे पिऊन लोक खूश होतात?" मला वाटलं माझीच जीभ अडाणी आहे.

८ डिसेंबर

कॉलेजच्या ऑफिसात माझ्या शेजारी प्रणोती बसते. नवरा फौजेत, वर्षापूर्वी पुण्याहून आली. धीर करून तिला विचारलं. आधी पोटभर हसली. "अगं, तू? वाइन?" मग सांगितलं – ओमतीच्या दुकानात वाइन कोण घेतं? तिथे बाटल्या पडून राहतात. त्यात काचेत उन्हात ठेवलेली तर शिजलेलीच समज. सदर बाजारात जा, तिथे फौजी छावणीतले लोक घेतात, माल हलता असतो. मागच्या लेबलवर वर्ष बघ. पांढरी असेल तर जितकी ताजी तितकी बरी.

म्हणजे भाजीसारखंच की! जिथे गर्दी तिथे ताजं. हे तर मला येतं.

९ डिसेंबर

सदर. आज मास्क नाही. पंधरा मिनिटं लेबलं वाचत उभी होते, शेवटी दुकानदार म्हणाला, "मैडम, एग्ज़ाम है क्या?" नाशिकचीच एक पांढरी घेतली, शेनिन ब्लाँ नावाच्या द्राक्षाची, यंदाची. अंधाऱ्या मागच्या फळीवरून काढून मागितली. बजेटमध्ये बसली!

घरी येऊन समभाग कोमट पाणी. पुन्हा तेच. लिंबू पिळलेलं भांडी धुतलेलं पाणी.

मावशीपुढे आत्याची फजिती होणार, आणि ती माझ्यामुळे.

११ डिसेंबर

सिलिंडर संपला. आत्या वाचनालयात, दुसरा यायला संध्याकाळ. मला मात्र परवाची पांढरी पुन्हा तपासायची होती. फ्रिजमधून काढली. पाणी कोमट करणार कशावर? तशीच घेतली. नुसती. गार.

अरे देवा!

कच्चा पेरू. मग थोडा मध. गिळल्यावरही तोंडात काहीतरी चालू राहतं! पुन्हा घेतली. तेच. म्हणजे बाटली चांगली होती, दुकान चांगलं होतं, माझी जीभही ठीक होती. चूक पाण्याची.

म्हणजे आत्याची.

हे तिला कसं सांगू? तिने शिकवलेलं आजवर चुकलेलं नाही. निदान मी तरी तसं कधी म्हटलेलं नाही.

१२ डिसेंबर

सांगितलं.

"आत्या, यात पाणी घालायचं नसतं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी पिऊन पाहिली."

ती वाटी घेऊन उठली. मला वाटलं, रागावली. मग वाटीतलं कोमट पाणी तुळशीत ओतून आली आणि म्हणाली, "बरं. आता तू सांग, कशी प्यायची."

तिने मला विचारलं!

१५ डिसेंबर

आत्या फोन स्पीकरवर ठेवते. आज मावशीचा आवाज ऐकला. "खोली रिकामी करून ठेवली आहे, विनता. वीसला भेटू, मग ठरवू." आत्या म्हणाली, "जेवण तर होऊ दे आधी."

आत्या नाशिकला राहायला जाणार. तेवढ्यासाठी हे जेवण. मावशीला पटायला हवं, दोघींचं जमेल म्हणून. आणि ते पटवायची बाटली मी शोधते आहे!

१९ डिसेंबर

सदरहून पांढरीच्या दोन नव्या बाटल्या आणल्या. ओमतीची दुसरी, शिजलेली, अजून बंदच आहे. आज संध्याकाळी टेबलावर पुढे तीच मांडली. जेवण फसलं तर आत्या कदाचित जाणार नाही – इतका वेडा विचार. इथे लिहितानाही लाज वाटते.

दहा मिनिटांनी ती उचलली आणि मोरीत ओतली. पांढऱ्या गार करायला ठेवल्या. आत्याला जायचं असेल तर तिने चांगल्या चवीनेच जावं.

२० डिसेंबर

काय दिवस!

मावशी ठेंगणी, पांढरे केस मुलासारखे कापलेले. आल्या आल्या बाबांना म्हणाली, "नरहर, तू अजून ताईला घाबरतोस ना?" पाटवड्यांचा रस्सा, भरली वांगी, आणि गार पांढरी. मावशीने घोट घेतला. ग्लास उजेडात धरला.

"हीच काहून आणली?" तिने विचारलं. इतकी वर्षं नाशिकला राहून ‘काहून’ सुटलेलं नाही!

मी सगळं सांगितलं. ऊन, काच, हलता माल, लेबलावरचं वर्ष. रस्सा तिखट म्हणून लाल नको, ती अजून जाळते. आणि कोमट पाणीसुद्धा सांगून टाकलं. मावशी हसता हसता खोकायला लागली. आत्या म्हणाली, "पुरे, प्रतिमा. पोरीने सुधारलं ना मला?" बाबांनी एक घोट घेऊन "आंबट आहे" असा निकाल दिला. थोड्या वेळाने ग्लास पुढे केला – "खात्री करून घेतो."

आत्या इतकी हसताना मी कधी पाहिली नव्हती. जाऊ दे तिला. मी रडणार नाही.

२१ डिसेंबर

रिकामी खोली आत्यासाठी नव्हतीच. मावशीला दुकानात माणूस हवं आहे, "चाखेल तेच सांगणारं." आत्याने माझं नाव दिवाळीतच सुचवलं होतं; बाटली शोधायचं काम त्याचसाठी मला दिलं. आत्या म्हणाली, "मी कुठे जाऊन राहिली या वयात? तू जा."

हो म्हणाले. आत्याकडे न बघता.